श्रावणाच्या झडीत केळीच्या मृगबागेची काळजी

मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणारा जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल आणि चोपड्याचा केळीपट्टा श्रावणात झड लागली की काही दिवस अगदी निराळ्या, थंड आणि ओल्या मुलखासारखा होतो. सातपुड्यावर ढग उतरलेले असतात, सूर्यदर्शन होत नाही, रिमझिम थांबत नाही आणि दिवसाचे तापमान 24 अंशांच्या आसपास रेंगाळते. कोरडवाहू पिकांना हा पाऊस हवाच असतो. परंतु जून-जुलैत लावलेल्या, म्हणजेच मृगबागेतल्या, अजून तीन-चार महिन्यांच्याही न झालेल्या केळीसाठी हेच हवामान सर्वाधिक धोक्याचे असते, कारण कुकुंबर मोझॅक विषाणूचा, म्हणजेच आपण ज्याला हरण्या म्हणतो त्या रोगाचा, प्रसार याच दिवसांत झपाट्याने होतो.

सुरुवातीला कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे दिसतात. पुढे पाने अरुंद होऊन त्यांच्या कडा वाकड्यातिकड्या होतात, वाढ खुंटते आणि काही झाडांचा पोंगाच (मधले न उलगडलेले कोवळे पान) सडतो. पिवळेपणा अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा समजून खत वाढवण्याची चूक अनेकांकडून होते. कमतरतेची लक्षणे बहुधा बागेच्या मोठ्या भागात सारखी दिसतात. हरण्याची झाडे मात्र आरंभी विखुरलेली, एखाद-दुसरी अशी आढळतात, आणि नेमक्या त्याच वेळी ती ओळखणे महत्त्वाचे असते.

या रोगावर कोणतेही औषध नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रोगट झाड बरे होत नाही, त्याला चांगला घड येत नाही, मात्र भोवतालच्या झाडांना ते रोग देत राहते. म्हणून झड असेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी संपूर्ण बाग ओळीने फिरून पाहावी आणि लक्षणे दिसलेले झाड कंदासह उपटून बागेबाहेर खोल खड्ड्यात पुरावे. पैसे मोजून आणलेले रोप हाताने उपटताना जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. तरीही दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी सुमारे 4,444 झाडे असलेल्या बागेत पहिली दहा झाडे वेळेवर गेली, तर बाकीच्यांना वाचण्याची संधी मिळते.

विषाणू वाहून नेण्याचे काम मावा ही रस शोषणारी बारीक कीड करते. रोगट झाडाचा रस क्षणभर शोषून निरोगी झाडावर बसताच तो रोग देऊन मोकळा होतो, त्यामुळे केवळ कीटकनाशकावर विसंबून रोग थांबत नाही. फवारणीने माव्याची संख्या कमी होते, एवढाच तिचा उपयोग. पावसाने उघडीप देताच 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी आणि रासायनिक औषध निवडायचे झाल्यास केळीसाठी शिफारस असलेलेच, सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे कृषी सहायक) सल्ल्याने घ्यावे. फवारणीपेक्षाही बांध स्वच्छ ठेवण्याला आम्ही अधिक महत्त्व देतो, कारण केन्यासारख्या तणांवर हा विषाणू टिकून राहतो. याच कारणास्तव केळीत काकडी, भोपळा, कारली, मिरची, टोमॅटो किंवा वांगी ही आंतरपिके घेऊ नयेत. शेजारी कपाशी असल्यास तिच्यावरील माव्याकडेही लक्ष ठेवावे.

काळ्या जमिनीत पाणी साचू न देण्यासाठी चर मोकळे करावेत आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जमिनीत बेताची ओल राहीपर्यंत, युरिया देऊ नये. खालच्या पानांवर करप्याचे ठिपके असल्यास तेवढा भाग कापून बागेबाहेर नष्ट करावा.

उपटलेल्या झाडांच्या जागी नांगे भरताना, तसेच ऑक्टोबरमध्ये लावायच्या केळीसाठी, म्हणजेच कांदेबागेसाठी, रोपे घेताना, ती विषाणूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र रोपवाटिकेकडे मागावे, शक्य असल्यास रोपवाटिका प्रत्यक्ष पाहावी आणि रोपे ठेवलेल्या शेडची कीटकरोधक जाळी फाटलेली असल्यास तेथून रोपे उचलू नयेत.