माधव स्पर्धेला बसताय? मग एका गणितावर तीन दिवस काढायची तयारी ठेवा

बीएस्सीला गणित घेतलेली पोरं मला सारखं एकच विचारतात, दादा माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनला बसायचंय, पुस्तक कुठलं घेऊ? म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण माझी पण सुरुवात तिथेच, पुस्तक शोधण्यातच, चुकली होती.

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी, ही स्पर्धा पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि मुंबईचं होमी भाभा सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन मिळून घेतात, डिग्रीच्या मुलांसाठी, पेपर १०० मार्कांचा आणि वेळ ३ तास. नाव केरळच्या माधवाचं, १४व्या शतकातला माणूस, पायची अनंत श्रेणी युरोपातल्या लायब्निझ या गणितज्ञाच्या कितीतरी आधी त्याच्या परंपरेत माहीत होती. पेपरात सुरुवातीला पर्यायवाले छोटे प्रश्न असतात आणि पुढे मोठे, आणि खरी कसोटी मोठ्यांत.

आता मुद्द्याचं. सिलॅबस बघून घाबरू नका, बरंचसं एफवाय एसवायचंच असतं, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, थोडा नंबर थिअरीचा भाग, मोजणीची गणितं. आपल्याला थिअरम येत असतात पण कुठला कुठे लावायचा ते कुणी सांगत नाही, आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरात तर प्रश्नातच लिहिलेलं असतं की अमुक थिअरम वापरा.

एक गणित सांगतो. एफ हे ० ते १ वर कंटिन्युअस, म्हणजे वक्र मधे कुठे तुटत नाही असं, फंक्शन आहे आणि एफ(०) = एफ(१). दाखवा की असा एक एक्स आहे जिथे एफ(एक्स) = एफ(एक्स + १/२). मी पहिल्या दिवशी डेरिव्हेटिव्ह घेत बसलो, रोलचा थिअरम लावायला गेलो, पण त्याला लागतं तसं फंक्शन डिफरन्शिएबल, म्हणजे आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असलेलं, आहे असं दिलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी एसटीत वहीच्या मागच्या पानावर नुसतं चित्र काढलं, एक वक्र, आणि तोच वक्र अर्ध्याने डावीकडे सरकवलेला, आणि दोघं एकमेकांना कापतायत हे डोळ्यांना दिसलं. मग दोघांची वजाबाकी घेतली, जी(एक्स) = एफ(एक्स + १/२) − एफ(एक्स). जी(०) म्हणजे एफ(१/२) − एफ(०), आणि जी(१/२) म्हणजे एफ(१) − एफ(१/२), आणि एफ(१) म्हणजे एफ(०)च की, म्हणून दोन्हींची बेरीज शून्य. एक प्लस तर दुसरा मायनस, किंवा दोन्ही शून्य, मधे कुठेतरी शून्य येणारच, इंटरमीडिएट व्हॅल्यू थिअरम, संपलं. हा थिअरम मला एफवायपासून पाठ होता.

त्या तीन दिवसांनी मला जे शिकवलं ते दहा सोडवलेली उत्तरं वाचून आलं नसतं, हे मी मनापासून सांगतोय. उत्तर लगेच बघू नका. अडलात की एन = १, २, ३ ठेवून बघा, चित्र काढा, दिलेल्या अटीतली एखादी काढून टाका आणि काय मोडतं ते बघा.

दुसरं म्हणजे लिहिणं. कच्चं काम झालं की आपल्याला वाटतं सुटलं, पण आमचे सर वहीत "हे स्पष्ट आहे" दिसलं की लाल पेनाने "का?" लिहायचे, एका पानावर चार चार वेळा, आणि त्यातल्या दोनांचं उत्तर माझ्याकडे नसायचं. अमेरिका-कॅनडातल्या पटनम स्पर्धेत ६ तासांत १२ प्रश्न, प्रत्येकी १० मार्क, आणि बऱ्याच वर्षी मार्कांच्या क्रमाने बरोबर मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा स्कोअर १२० पैकी ० किंवा १ असतो, याचं एक कारण म्हणजे अर्धवट प्रूफला तिथे जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून जोडीने अभ्यास करा, एकाने फळ्यावर लिहायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीला का विचारायचं.

मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा, पण शेवटच्या महिन्यात. त्याआधी घड्याळ नको.

आणि वरचं गणित सोडू नका. १/२ च्या जागी १/३ घ्या, तीन फरकांची बेरीज करा, चालतं. आता २/५ घेऊन बघा, तिथे विधान खोटं ठरतं, म्हणजे एफ(०) = एफ(१) असूनही असा एक्स कुठेच न सापडणारं एक कंटिन्युअस फंक्शन तुम्हाला शोधायचंय. एवढंच सांगतो, दर २/५ ला रिपीट होणारं काहीतरी घ्या आणि त्यातून एक सरळ रेषा वजा करा.