न्यू जर्सीत आलात आणि मुलाला शाळेत जादा मदत हवी असेल तर

एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबरो भागात दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबं येतात. घर, गाडी, लायसन्स यांबद्दल सांगायला दहा जण पुढे येतात. मूल उशिरा बोलतंय, वाचताना अडखळतंय, असा विषय निघाला की मात्र ‘आमचाही उशिराच बोलला, होईल हळूहळू’ एवढ्यावर बोळवण होते. या सल्ल्यापायी मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलाला शाळेकडून विशेष शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क आयडिया हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा देतो, आणि तो सगळ्या राज्यांना लागू आहे. त्यापेक्षा कमी देता येत नाही, जास्त देता येतं, आणि राज्यं तसं देतातही. मॅसॅच्युसेट्समध्ये हा हक्क बावीसाव्या वाढदिवसापर्यंत टिकतो, मिशिगनमध्ये तर सव्विसाव्या वर्षापर्यंत. पेनसिल्व्हेनियात हुशार मुलांसाठीही शाळेला वेगळा लेखी आराखडा करावा लागतो. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीने सांगितलेले दिवस आणि नियम इथे जसेच्या तसे धरू नका. आपले नियम न्यू जर्सीच्या प्रशासकीय संहितेत, ६ए:१४ या प्रकरणात आहेत. ते छापून घ्या.

सर्वांत आधी पत्र. शिक्षिकेशी तोंडी बोलणं म्हणजे अर्ज नव्हे. ओळखीच्या एका घरी ऑक्टोबरच्या पालकसभेत शिक्षिका म्हणाल्या, ‘आपण लक्ष ठेवू.’ आईवडील त्या शब्दावर थांबले आणि मार्च आला तरी एकही कागद हललेला नव्हता. तेव्हा मुलाचं नाव, इयत्ता, अडचणीची दोन-तीन ठळक उदाहरणं आणि ‘चाइल्ड स्टडी टीमकडून मूल्यमापन व्हावं’ ही स्पष्ट मागणी, एवढं एका पानात लिहा. चाइल्ड स्टडी टीम म्हणजे मुलांची तपासणी करणारा शाळेचा तज्ज्ञगट. वर तारीख घाला. ऑफिसात हातोहात देत असाल तर आपल्या प्रतीवर पोच घ्या, ईमेल केलीत तर ती जपून ठेवा. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. त्यातून शाळेच्या सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळ्याची सुट्टी वगळत नाहीत, त्यामुळे जुलैत दिलेलं पत्रही चालतं. मूल्यमापनाला तुम्ही लेखी संमती दिलीत की तपासण्या, मूल विशेष शिक्षणाला पात्र आहे का हे ठरणं आणि आयईपी, म्हणजे मुलासाठीचा लेखी शिक्षण आराखडा, सुरू होणं, हे सगळं ९० दिवसांत व्हायला हवं. तपासणीचे अहवाल पात्रतेच्या बैठकीआधी किमान १० दिवस तुमच्या हातात पडायला हवेत. मिळाले नाहीत तर मागा. बैठकीत बसून पहिल्यांदा अहवाल वाचू नका.

‘घरी मराठी बोलता म्हणून असं होतंय’ हे ऐकावं लागेल. केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला पात्र ठरवता येत नाही, हे खरं. पण त्याच कारणाने तपासणी पुढे ढकलणंही चुकीचं. मुलाला ज्या भाषेत नीट उत्तर देता येतं, त्या भाषेत तपासणी मागा, आणि बैठकीत दुभाषा हवा असेल तर तोही मागा. मराठी सोडू नका.

आता हे दोनदा वाचा. पहिली आयईपी तुमच्या सहीशिवाय लागू होत नाही. त्यानंतरच्या आयईपींचं तसं नाही. बदलाची नोटीस हातात पडली की १५ दिवस असतात, आणि तुम्ही गप्प राहिलात तर बदल लागू होतो. कॅलिफोर्नियाहून आलेले लोक इथेच फसतात, कारण तिथे पालकांच्या संमतीवाचून बदल होत नाही. नुसतं ‘आम्हाला हे मान्य नाही’ असं पत्र पाठवूनही भागत नाही. १५ दिवसांच्या आत मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (औपचारिक सुनावणी) यांचा अर्ज राज्याच्या शिक्षण विभागाकडे जायला हवा. तो गेला की निकालापर्यंत जुनी व्यवस्था चालू राहते. स्पीच थेरपीचे तास अर्ध्यावर आले, हे पालकांना नव्या वर्षी कळतं आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते. नोटिशीचं पाकीट आलं त्याच दिवशी उघडा, पंधरावा दिवस कॅलेंडरवर लाल करा.

भांडायची वेळ आलीच तर न्यू जर्सीत पालकांची बाजू भक्कम आहे. २००५ मध्ये मेरीलंडच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ड्यू प्रोसेसमध्ये जो तक्रार करेल त्यानेच सिद्ध करावं. न्यू जर्सीने २००८ मध्ये कायदा करून ती जबाबदारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टवर टाकली. म्हणजे आपली योजना मुलासाठी योग्य आहे, हे त्यांनी दाखवायचं. या राज्याबद्दल मला जो आदर आहे, त्यात या एका कायद्याचा वाटा फार मोठा आहे. ‘परक्या देशात कशाला वाद’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात घ्यावं. हक्क मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. शाळेतली माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात, पण त्यांच्यापुढे पैशाचं गणितही असतं.

व्हिसा कोणता, याचा या हक्काशी संबंध नाही.

भारतातले अहवाल, थेरपिस्टची टिपणं सोबत आणा.

मूल तीनच्या आतलं असेल तर आधी राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन या लहान मुलांसाठीच्या सेवेला फोन करा. तिसऱ्या वाढदिवशी शाळेची सेवा सुरू व्हायला हवी असेल, तर डिस्ट्रिक्टला लेखी अर्ज किमान १२० दिवस आधी पोचायला हवा. अडलात तर स्पॅन ही पालकांची संस्था फोनवर फुकट मदत करते. वकिलाकडे जाण्याआधी त्यांच्याशी बोला.