फ्रेंडशिपच्या खिडक्या: दुसऱ्यांदा बसण्यापूर्वी

मागच्या पावसाळ्यात फोकर एफ-२७ फ्रेंडशिपचे १/७२ प्रमाणातले मॉडेल पूर्ण करून मी कपाटात ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो केबिनच्या सगळ्या खिडक्या आतून पांढऱ्या पडलेल्या. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात १९६१ मध्ये आलेल्या या डच विमानाची ओळखच मुळी वर बसवलेले पंख आणि त्यांच्याखालून दिसणाऱ्या मोठ्या लंबगोल खिडक्या ही आहे. त्या आंधळ्या झाल्यावर सुमारे ४० सेंटिमीटर पंखविस्ताराच्या त्या नळीकडे पाहवेना. आता दुसरे किट उघडण्यापूर्वी ही तयारी लिहून ठेवत आहे.

कटर, चिमटा, मास्किंग टेप, टूथपिक, चांगला दिवा हे सगळ्यांकडे असतेच. धुळीसाठी एक पालथे घालायचे भांडे मात्र आठवणीने हाताशी ठेवावे.

नाकातले वजन चिकटवायला दोन-भागी इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) आधी आणून ठेवावे. पहिल्याच दिवशी आणावे, कारण ते घरात नसले की हात सुपरग्लूकडे जातो, आणि माझा तसाच गेला होता. फ्रेंडशिपला पुढे नाकाखाली चाक आहे. नाकात वजन भरले नाही तर मॉडेल शेपटीवर बसते. मी गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या नाकात टाकल्या, त्यांच्यावर भरपूर सुपरग्लू ओतला आणि अर्ध्या तासात फ्यूजलाज, म्हणजे विमानाचे धड, बंद केले. सुपरग्लूचा जाड थर आतपर्यंत सुकायला वेळ लागतो आणि तोवर त्याची वाफ निघत राहते. ती वाफ हवेतल्या ओलाव्याच्या साहाय्याने जवळच्या पृष्ठभागावर घट्ट होऊन पांढरी पुटे धरते. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे अदृश्य ठसे उमटवण्यासाठी हीच वाफ मुद्दाम वापरतात. माझ्या खिडक्यांवरही, जिथे आतून बोट लागले होते तिथे, माझे ठसे सुबक उमटले होते. उघड्या भागावर असे पुट पॉलिशने निघते, पण बंद नळीच्या आत पॉलिश करायला कोण जाणार?

म्हणून ज्या पोकळीत काच बसली आहे किंवा बसणार आहे, त्या पोकळीत सुपरग्लू नाही. वजनासाठी नाही, फरशी टेकवण्यासाठी नाही, थेंबभरसुद्धा नाही. कॉकपिटमधल्या पितळी पत्र्याच्या बारीक तुकड्यांना दुसरा इलाज नसेल, तर ते काम खिडक्या लावण्याच्या आठवडाभर आधी उरकावे आणि तोवर फ्यूजलाजचे दोन्ही अर्धे उघडे ठेवावेत. वजन किती लागेल ते पंखांसकट सगळे भाग टेपने जोडून, मुख्य चाकांच्या जागी आधार देऊन आधीच ठरवावे, म्हणजे शेवटच्या क्षणी आणखी दोन गोळ्या कोंबण्याची वेळ येत नाही.

यानंतर कोणती खिडकी कशाने करायची हे ठरवावे. किटमधले पारदर्शक तुकडे वापरायला हरकत नाही, परंतु १ मिलिमीटर जाडीचा तुकडा ७२ पट केला तर ती ७२ मिलिमीटरची काच होते, आणि कडेने पाहिल्यावर तो जाडपणा डोळ्यांत भरतो. सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांत खिडक्यांसाठी मिळणारा पांढरा द्रव टूथपिकने कडेकडेने फिरवून ताणला की साबणाच्या पडद्यासारखा धरतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. त्याहून मोठ्या छिद्रात तो मध्येच फुटतो, नाहीतर खोलगट राहतो. साध्या पांढऱ्या गोंदानेही हे जमते, मात्र पाणी लागले की तो पुन्हा दुधाळ होतो. तेव्हा असे पडदे डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रे व अक्षरे) लावून झाल्यावरच धरावेत. केबिनच्या मोठ्या लंबगोलांसाठी मी या वेळी पातळ पारदर्शक शीटची लांब पट्टी आतून पांढऱ्या गोंदाने लावणार आहे. शर्टाच्या खोक्याचे स्वच्छ झाकण असेल तर तेही चालते. पट्टी कापताना दोन्ही बाजूंचे संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नयेत आणि काढल्यावर तिला बोट लावू नये. ठशांचे वर सांगितलेच आहे.

कॉकपिटची काच घरी ओढायची, म्हणजे तापवलेली शीट साच्यावर दाबून घडवायची असेल तर साचा हवा. किटची काच थेट साचा म्हणून वापरू नये. ती पॉलिस्टायरीनची असते आणि तापलेल्या शीटखाली बसकण मारते. तिच्या आतल्या पोकळीत प्लास्टर भरूनही उपयोग नाही, कारण तो साचा काचेच्या जाडीइतका लहान निघतो. बाहेरून सिलिकॉनमध्ये छाप घ्यावा, त्यात प्लास्टर किंवा इपॉक्सी ओतावे, आणि निघालेला साचा वापरायच्या शीटच्या जाडीइतका, म्हणजे पाव मिलिमीटर, सगळीकडून घासून घ्यावा. मग २००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत जावे. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. प्लास्टरची छिद्रे बुजवायला सुपरग्लू चालतो. साचा उघड्या टेबलावर असतो, त्यामुळे या यादीत त्याला बिनशर्त परवानगी असलेली ही एकच जागा. साचा ठोकळ्यावर उंच बसवावा. प्लायवूडच्या तुकड्याला साच्याच्या आकाराहून दोन-दोन मिलिमीटर मोठे भोक पाडावे, त्यावर पीईटीजीची (तापवल्यावर मऊ होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची) शीट टाचण्यांनी ताणावी, आणि ग्रिलखाली ती सैल पडून झोळ धरू लागली की एका दमात साच्यावर दाबावी. दोन दमांत दाबली तर सुरकुती पडते. शीटचे किमान सहा तुकडे कापून ठेवावेत, कारण पहिले तीन वाया जातात. जाड हातमोजे घालावेत.

ओढलेली काच साच्यावरून काढण्याआधीच रेघा आखून कापावी. नंतर ती डगमगते आणि कटर घसरतो. बारीक चरे टूथपेस्टने निघतात. मग काच पारदर्शक चकाकीच्या ॲक्रिलिकमध्ये बुडवून, टोकाचा थेंब कागदाने टिपून, दिवसभर भांड्याखाली ठेवावी.

फ्यूजलाज जोडताना पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) कमी घ्यावे. ओघळून खिडकीवर गेले तर काच तडकल्यासारखी दिसते. सांध्याची फट बुजवायला पुट्टी वापरावी. अनेकजण तिथे सुपरग्लू भरतात, मीही भरत असे, आणि तो फटीतून नेमका आत झिरपतो. पुन्हा सांगतो, आत काच आहे.

मास्किंग करावे. चौकटींवर आधी आतला रंग, मग बाहेरचा. रंग, ग्लॉस, डेकल, वॉर्निश. शेवटचा थर पूर्ण कडक होण्याआधी टेप काढावी. शेवटी छोट्या खिडक्यांचे पडदे धरावेत.

अँटेना उरते. तिचे भोक थेट केबिनमध्ये उघडते, तेव्हा तीसुद्धा पांढऱ्या गोंदाने लावून रात्रभर टेपने धरून ठेवावी.