नवा सराउंड रिसीव्हर घ्यायचा का? आधी एवढं तपासा

चवथीचे सेल लागले की म्हापशाचा माझा भाचा विचारतो, "मामा, नवा रिसीव्हर घेऊ?" (रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअर यांचा आवाज घेऊन खोलीभरच्या स्पीकरांना पुरवणारं यंत्र.) मी त्याला उलट विचारतो, "तू त्यावर लावतोस काय?" हे उत्तर कागदावर लिहून काढलं की निम्मा निर्णय तिथंच होतो.

घरात बहुतेक वेळ टीव्हीतल्या अ‍ॅपवरचे सिनेमे चालत असतील, तर सराउंड आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या स्वरूपात येतो. अ‍ॅटमॉसही (डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं डॉल्बीचं तंत्र) त्यातूनच येतं आणि त्याला साधा आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) पुरतो. ट्रूएचडीसारखा काटछाट न केलेला आवाज टीव्हीतून रिसीव्हरला न्यायचा असेल तरच ईआर्क, म्हणजे आर्कची वाढीव आवृत्ती, लागतो. ब्ल्यू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडलेला असेल, तर त्याचीही गरज नाही. नाट्यगीतं ऐकणाऱ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे: मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. ती सात स्पीकरांवर पसरू नका, 'स्टिरिओ'वर ऐका. नव्या यंत्रानं त्यांत काहीही भर पडत नाही.

मग खोलीकडे बघा. फोंड्याकडच्या आमच्या घरांत गिलावा केलेल्या चिऱ्यांच्या भिंती, खाली टाइल्स आणि मोठ्या खिडक्या. आवाज घुमतो, संवाद कळत नाहीत, आणि बोल लागतो रिसीव्हरला. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड जाजम घाला, खिडक्यांना जाड पडदे लावा, सोफा मागच्या भिंतीपासून पुढे ओढा. मधला स्पीकर खाली ठेवलेला असेल तर त्याचं तोंड कानांकडे वळवा. त्यानंतर रिसीव्हरबरोबर आलेला माइक स्टँडवर कानाच्या उंचीला लावून स्पीकरांच्या आवाजाची मोजणी पुन्हा करा. पंखा आणि एसी बंद हवेत, आणि कौलांवर पाऊस कोसळत असताना मोजणी करूच नका. मोजणी झाली की मेनू उघडून बघा: छोट्या स्पीकरांना यंत्रानं 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफर या भारी आवाजाच्या वेगळ्या स्पीकरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. खालचा भारी आवाज सबवूफरकडे गेला की बाकीचे स्पीकर मोकळे होतात. हा फरक पहिल्याच संवादात कळतो.

घरांसाठी अ‍ॅटमॉस २०१४ साली आलं. त्याआधीचा रिसीव्हर ते उलगडू शकत नाही, पण त्यातलं मूळ ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) वाजवतो. वरचे स्पीकर बसवणार नसाल, तर अ‍ॅटमॉससाठी खर्च करण्यात अर्थ नाही. छताकडे तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर सपाट छतासाठी असतात. उतरत्या कौलारू छपराखाली तो आवाज बैठकीवर येण्याऐवजी भलतीकडेच जातो. अशा घरात स्पीकर वाशांनाच पक्के बांधावे लागतात.

बदलायचाच कधी? एचडीएमआयची जोडणी वरचेवर तुटत असेल आणि केबल बदलूनही फरक पडत नसेल तेव्हा. मध्यम आवाजातच यंत्र बंद पडत असेल तेव्हा. पण त्याआधी स्पीकरच्या वायरीची एखादी तार शेजारच्या टोकाला टेकत नाही ना आणि बंद कपाटात रिसीव्हर तापत नाही ना, हे बघा. ५.१.२ साठी लागणारे वरचे दोन स्पीकर घरात आले असतील तेव्हाही. आणि माझ्या मते सर्वांत रास्त कारण म्हणजे खोलीदुरुस्ती: खोलीमुळे बिघडणारा आवाज यंत्रानंच मोजून सुधारणं. तुमच्या जुन्या यंत्रात ती जुजबी असेल, तर डिराक लाइव्ह किंवा ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी३२ यांसारखी चांगली दुरुस्ती-प्रणाली असलेला रिसीव्हर खालच्या स्वरांतला घुमारा बराच आवरतो. त्यासाठी मी आनंदानं पैसे मोजीन. गेमच्या ४के १२० साठी (सेकंदाला १२० चित्रं) मात्र घाई नको. टीव्हीला तशी सोय असेल तर कन्सोल टीव्हीलाच जोडा आणि आवाज रिसीव्हरकडे परत आणा.

नवा घेतलात तर मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची केबल आणि एचडीएमआयही काढा. झटका तिथूनही शिरतो.