बोटॅलक: समुद्राखाली शिरलेल्या खाणीपर्यंतचा छोटासा वॉक

कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, आलेली आपली मंडळी सेंट आइव्हजच्या बीचवर आइस्क्रीम खातात, त्यातलं अर्धं सीगलला देतात आणि परत फिरतात. एक दुपार काढून बोटॅलकला जाच. खाण बघायला कोण जातं असं मलाही वाटलेलं.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ट्रेन पकडून पेन्झान्स, तिथून बसने सेंट जस्ट, आणि मग चालत बोटॅलक. गाडी असेल तर थेट काउंट हाउसपाशी, म्हणजे खाणीच्या जुन्या कचेरीपाशी, लावता येते. बूट मात्र ग्रिपवालेच घाला, मी पहिल्यांदा साधे कॅनव्हास शूज घालून गेलो आणि उतारावर सुट्या खड्यांवरून जो घसरलो तो बसूनच खाली आलो. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करून हातात देतो, जॅकेट न्या.

काउंट हाउसकडून समुद्राकडे उतरायला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत कड्याच्या पार खालच्या टोकाला दोन दगडी इंजिन हाउस दिसतात, हेच क्राउन्स. एकातलं इंजिन पाणी उपसायचं, दुसऱ्यातलं माणसं आणि माल वरखाली करायचं. इथे फोटो काढून लगेच पळू नका, जरा बसा, कारण खरी खाण आपल्याला दिसतच नाही, ती समोरच्या पाण्याखाली शेकडो मीटर गेलेली आहे. वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडताना खाली काम करणाऱ्यांना ऐकू यायचे म्हणे. काढायचे काय तर तांबं आणि कथील. हो, कल्हईवाला भांड्याला लावायचा तेच कथील. 1865 मध्ये इंग्लंडचे युवराज आणि युवराज्ञी हौसेने या खाणीत उतरून आले, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी त्याच तिरक्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या खोल भुयारात, साखळी तुटून नऊ जण गेले होते, त्यात एक लहान मुलगा.

वर परत आलात की कमानींचं एक भुलभुलैयासारखं बांधकाम दिसेल, ते नीट बघा. खनिज भाजताना निघणारा धूर या खोल्यांतून फिरवायचे आणि भिंतींवर सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, साचायचा. तो खरवडायला माणसं आत जायची, संरक्षण काय तर नाकात कापूस आणि तोंडाला चिकणमाती! हा सोमल पुढे अमेरिकेत कापसावरच्या किडींवर फवारायला जायचा. मुलं बरोबर असतील तर भिंतींना, मातीला हात लावू देऊ नका आणि डबा उघडण्याआधी हात धुवायला लावा.

पायात दम असेल तर कोस्ट पाथने उत्तरेला अजून दीड-दोन किलोमीटरवर लेव्हंट खाण आहे. तिथलं 1840 चं वाफेचं इंजिन दुरुस्त करून चालू केलंय, पण रोज चालत नाही, वेळ बघूनच जा. इथे माणसं वरखाली करायला एक लांबच लांब दांडा होता, त्याला पायऱ्या, दांडा वर आला की कडेच्या फळीवर पाय टाकायचा, पुन्हा पुढच्या पायरीवर, असं करत शेकडो फूट. 20 ऑक्टोबर 1919 ला त्याचा वरचा सांधा तुटला आणि 31 जण गेले. नुसतं वाचून कळत नाही, तिथे उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

कुठेही तारेचं कुंपण किंवा दगडी कठडा दिसला तर ओलांडू नका, आत बहुतेक वेळा शाफ्टच असतो, कुत्रं असेल तर पट्ट्यावरच ठेवा.

आणि हो, इथल्या खाणी बंद पडल्यावर कॉर्निश लोक काम शोधत जगभर गेले, त्यातले बरेच आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत. बंगळुरूकडे राहणाऱ्या कोणाला हे सांगितलं की गप्पा अर्धा तास पुरतात.

शक्यतो दुपारी तीननंतर निघा, कडा पश्चिमेकडे आहे त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट इंजिन हाउसवर पडतं. फक्त परतीच्या बसचं टाइमटेबल उतरल्या उतरल्या मोबाइलमध्ये काढून ठेवा, मला खाली कड्यावर रेंजच नव्हती आणि शेवटची बस गेली की पेन्झान्सपर्यंत सात मैल पायपीट.