जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा हायड्रो पंप: उघडायच्या आधी काय बघायचं आणि उघडल्यावर काय करायचं

आपल्याकडे कोकणात हायड्रोस्टॅटिक गार्डन ट्रॅक्टर तसे कमीच, एखाद्या रिसॉर्टच्या लॉनवर नाहीतर कुणी हौसेने आणून आंब्याच्या बागेत गवत मारायला ठेवलेले, कब कॅडेट, व्हील हॉर्स, जुने जॉन डिअर वगैरे, १९६०-७० च्या दशकातले. बिघडला की गावातला मेस्त्री लांबूनच बघतो, कारण क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, लिव्हर पुढे ढकलली की पुढे आणि मागे ओढली की मागे. आत प्रकार सरळ आहे. इंजिन पंप फिरवतं, बहुतेक युनिटमध्ये पंपात गोल मांडणीत छोटे पिस्टन असतात, ते एका तिरक्या प्लेटवर घासत फिरतात आणि तेल दाबून मोटरकडे पाठवतात, मोटर चाकं फिरवते. लिव्हर फक्त त्या प्लेटचा तिरकेपणा बदलते, सरळ केली की न्यूट्रल.

लोक गाडी हलली नाही की "पंप गेला" म्हणून मोकळे होतात. थांबा. आधी मागची चाकं उचलून खाली पक्के स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको, पुढच्या चाकांना ओंडके लावा आणि इंजिन स्लोवर ठेवून लांबूनच बघा की पंपाचा शाफ्ट फिरतोय का. कपलिंगची पिन तुटलेली असते आणि माणूस पंप खोलत बसतो. शाफ्टवर कूलिंग फॅन असेल तर त्याची पाती शाबूत आहेत का तेही बघा, पाती मोडलेली आणि हाउसिंगवर गवताचा थर बसलेला असेल तर तेल तापून पातळ होतं आणि चढावर गाडी दम टाकते. न्यूट्रलमध्ये गाडी सरकत असेल किंवा झटके देत असेल तर पंपाकडे जाऊच नका, आधी लिंकेज, म्हणजे लिव्हरला पंपाशी जोडणारी जोडणी, बघा, तिथली खाच झिजलेली असते.

आता लक्षणं. थंड असताना छान चालते आणि तापल्यावर मरते, म्हणजे आतली झीज किंवा चुकीचं पातळ तेल. एकाच दिशेने चालते, तर बहुतेक न चालणाऱ्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. हे व्हॉल्व्ह बाहेरून काढता येतात, दोन्ही सारखे असतील तर डावा उजवीकडे उजवा डावीकडे लावून बघा, बिघाडाची दिशा बदलली म्हणजे चोर सापडला, मग स्प्रिंग, बॉल, ओ-रिंग साफ करून किंवा बदलून काम संपतं. दोन्ही दिशांना काहीच नाही, तर तेलाची पातळी, फिल्टर आणि मग चार्ज पंप (मुख्य पंपाला तेल पुरवणारा छोटा पंप), या क्रमाने.

तेल काढलं की ओतून टाकू नका, सगळी गोष्ट त्यातच असते. काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय. आपल्याकडे हाच मुख्य रोग आहे, चार महिने गाडी पडवीत उभी, हवा ओली, ब्रीदरमधून, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या छिद्रातून, दमटपणा आत जातो आणि थंड लोखंडावर पाणी धरतं. तळाशी चमचमणारा गाळ दिसला तर त्यात चुंबक फिरवा, चिकटला तर तो स्टीलचा म्हणजे बेअरिंग, शाफ्ट वगैरे, न चिकटता सोनेरी चमकत राहिला तर ब्राँझ, म्हणजे पिस्टनच्या टोकाचे स्लिपर किंवा बॅरलचं, म्हणजे पिस्टन बसतात त्या गोल ठोकळ्याचं, तोंड घासलंय. नुसतं पाणी असेल, गाळ नसेल, तर तेल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून परत बदला, आणि मगच उघडायचा विचार करा.

उघडायचाच असेल तर खळ्यात नको, जांभ्याची लाल धूळ या कामाची वैरी आहे. बंद खोलीत टेबलावर जुना स्वच्छ पत्रा टाका. बाहेरून आधी डिझेलने धुवा, प्रेशर पंपाने नको, पाणी ब्रीदरमधून आत मारलं जातं. हाउसिंगच्या जोडावर पंचने खूण करा आणि प्रत्येक पायरीला फोटो काढा. झाकण सावकाश उचला, कारण व्हॉल्व्ह प्लेट (बॅरलच्या तोंडाला टेकणारी, तेलाच्या वाटांची चकती) तेलाने चिकटून वर येते आणि मधेच सुटून पडते. पंपाकडची प्लेट पंपाकडे, मोटरकडची मोटरकडे, पिस्टन ज्या भोकातला त्याच भोकात. पुसायला वेस्ट कॉटन अजिबात नको, त्याचा एक धागा चेक व्हॉल्व्हमध्ये अडकला की सगळी मेहनत गेली.

मग नखाची टेस्ट. व्हॉल्व्ह प्लेटवर नख आडवं फिरवा, अडकलं नाही तर नुसता डाग आहे, तसाच राहू द्या. हलकं अडकलं तर जाड सपाट काचेवर १००० आणि मग १५०० नंबरचा वॉटर पेपर, तेल घालून, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवायचं, दाबायचं नाही, आणि नंतर डिझेलमध्ये इतकं धुवायचं की कणही उरू नये. खोल चर असेल तर काचेवर बसून होणार नाही, सरफेस ग्राइंडर असलेलं वर्कशॉप गाठा, लेथवाल्याकडून हे करून घेऊ नका. स्लिपर सगळे सारख्या जाडीचे आहेत का मायक्रोमीटरने बघा आणि पिस्टनच्या टोकाच्या बॉलवर खुळखुळतात का तेही. बॅरलच्या भोकांत आतून ओरखडे असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, त्यावर पैसे घालू नका, जुनं चालू युनिट शोधा.

सील बऱ्याचदा इंची मापाचे असतात, तालुक्याच्या दुकानात मेट्रिकच मिळतात, जवळपासचं माप ठोकून बसवू नका. व्हर्नियरने आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप घ्या आणि मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात चौकशी करा. सील बसतो तिथे शाफ्टवर खाऱ्या हवेने खड्डे पडले असतील तर नवा सीलही गळणार, तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन थापू नका, एक गोळा चार्ज पंपाच्या वाटेत गेला की पंप उपाशी. गॅस्केट होतं त्याच जाडीचं हवं, काही युनिटमध्ये बेअरिंगचा प्ले, म्हणजे मोकळीक, त्याच्यावर ठरतो. पावसाळ्यात काम रात्री अर्धवट टाकत असाल तर स्टीलचे भाग तेलात बुडवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर सकाळी पॉलिश भागावर लालसर गंज तयार असतो.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं तेल, जुन्या हायड्रो मॉडेलना साडेसहा लिटरच्या आसपास लागतं, ते न मिळाल्यास ऑइल इमर्स्ड ब्रेकच्या ट्रॅक्टरचं चांगलं यूटीटीओ (ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक दोन्हीला चालणारं ट्रॅक्टर तेल) लोक वापरतात. व्हील हॉर्सच्या ईटन युनिटला मात्र इंजिन ऑइल चालतं, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्यात ओतू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, रबर सील फुगून जातात.

जोडताना प्रत्येक भाग त्याच तेलाने माखून बसवा. पहिल्यांदा चालू करताना देवाला गाऱ्हाणं घाला हवं तर, पण एअर काढल्याशिवाय पंप ऐकत नाही. चाकं वरच ठेवा, स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरने थोडा वेळ नुसतं फिरवा म्हणजे चार्ज पंप तेल ओढेल, मग प्लग लावून स्लोवर चालू करा आणि लिव्हर हळूहळू पुढे मागे. मधे बंद करून पातळी बघा, ती उतरतेच, भरा. तेलावर फेस आहे आणि आवाज चिरका येतोय तोपर्यंत हवा आहे, हेच परत परत करा. खूप वेळाने पण आवाज जात नसेल तर सक्शन बाजूचं कुठलं तरी ओ-रिंग हवा खातंय. आवाज शांत झाला की सपाटीवर बिनलोड चालवा, मग चढावर, आणि थोडं काम झाल्यावर फिल्टर परत बदला, आत राहिलेली बारीक घाण पहिल्या काही तासांतच निघते.