सेल्फ कुरकुरला की आधी टर्मिनल बघा
सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती टकटक करते, आणि आपण लगेच नवी बॅटरी आणायला निघतो. थांबा, आधी बॉनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, पांढरट-हिरवट भुकटी साठली असेल, तर दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. बॅटरी चांगली असूनही करंट पुढे जात नाही.

साफ करताना गाडी बंद, चावी बाहेर. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम कृपा करून चुकवू नका. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जोडलेली ठेवून पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला टेकला की मोठी ठिणगी उडते. हातात मोजे घाला, अंगठी काढून ठेवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येईल, पुसून पूर्ण कोरडं करा. वायरच्या टोकाचा क्लॅम्प हाताने हलणार नाही इतका घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पावसाळ्याआधी हे एकदा कराच.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी तपासा: 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करतो तो) दाखवून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते.